टेबलावर नसलेलं कापड

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये पीटर क्लास या हार्लेमच्या चित्रकाराचं १६२७ सालचं एक चित्र आहे. टेबलावर टर्की पक्ष्याचं मांस भरलेली भली मोठी पेस्ट्री आहे आणि तिच्यावर त्याच पक्ष्याचं पिसांसकट डोकं, मान आणि पंख खोचलेले आहेत. शेजारी ऑयस्टर, अर्धवट सोललेलं लिंबू, पाव आणि समुद्री शिंपल्याला चांदीचा पाय जोडून केलेला पेला. निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यात फळं रचलेली. मराठी माणसाचा डोळा मात्र या सगळ्या थाटावरून घसरून एका क्षुल्लक वस्तूवर थांबतो. जुन्या पंचांगाचं छापील पान गुंडाळून केलेली कागदाची पुडी तिथे पडली आहे आणि तिच्यातून मिरी सांडते आहे. वाण्याकडून रद्दीच्या कागदात बांधून आणतात, अगदी तशी.

त्या टेबलाची उलटतपासणी केली तर मजा येते. टर्की हा पक्षी अमेरिकेतला. शिंपला हिंदी महासागर आणि त्यापलीकडच्या पाण्यातला. लिंबू भूमध्य समुद्राकाठचं. मिरी मलबारची किंवा जावा-सुमात्राची. भांडं चीनचं. पाव आणि ऑयस्टर सोडले तर यजमानाच्या गावचं फारसं काही नाही, सगळं जहाजाने आलेलं. हे चित्र काढलं तेव्हा डच प्रजासत्ताक स्पेनच्या राजाशी लढत होतं आणि त्यांची ईस्ट इंडिया कंपनी जेमतेम पंचवीस वर्षांची होती. एवढ्या थोड्या काळात हार्लेमच्या माणसाच्या टेबलावर चार खंड येऊन बसले कसे, आणि त्यांचे पैसे दिले कोणी? हे प्रकरण मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचं आहे. त्याचं बरंचसं उत्तर चेन्नईच्या उत्तरेला एका खाडीकाठच्या गावात सापडतं.

आधी चित्रांविषयी थोडं. माणसं नाहीत, देव नाहीत, युद्ध नाही. नुसत्या वस्तू मांडून काढलेली चित्रं सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये उदंड निघाली. मराठीत आपण त्यांना स्थिरचित्रं म्हणतो. कलेच्या उतरंडीत त्यांना मान नव्हता. सामुएल फान होखस्त्रातन या चित्रकार-लेखकाने १६७८ साली तर अशी चित्रं काढणाऱ्यांना कलेच्या फौजेतले साधे शिपाई ठरवून टाकलं. घोडेस्वार आणि सेनापती म्हणजे इतिहासाची आणि पुराणांची चित्रं काढणारे. लोकांना मात्र हे शिपाईच आवडत होते आणि ती चित्रं व्यापाऱ्यांच्या, दारू गाळणाऱ्यांच्या, नोटरींच्या घरांत टांगली जात होती.

या शिपायांमध्ये अँटवर्पची क्लारा पेटर्स मला फार मोठी वाटते. तिच्या आयुष्याविषयी कागदोपत्री फारसं काही मिळत नाही. चित्रं मात्र आहेत आणि त्यांतली चार माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये तिचं १६१५ च्या सुमाराचं एक चित्र आहे: चीजचे मोठे तुकडे, बदाम, अंजीर, गाठ मारल्यासारखी खारी बिस्किटं, आणि चीजच्या वर ठेवलेल्या एका छोट्या चिनी ताटलीत लोण्याचे कुरळे काप. चीजवर लोणी म्हणजे सैतानाची करणी, अशी डचांची म्हण आहे, तेव्हा हा बेत चैनीचाच. पुढे चांदीच्या सुरीच्या मुठीवर तिने स्वतःचं नाव कोरलेलं दाखवलं आहे. मागच्या सुरईच्या धातूच्या झाकणात नीट पाहिलं तर एक इवलासा चेहरा दिसतो, तोही तिचाच. ज्या काळात बायकांना चित्रकारांच्या व्यवसायात उभं राहणं कठीण होतं, त्या काळात तिने सही करायला एक नाही, दोन जागा शोधल्या.

ती ताटली पाहा. पांढऱ्यावर निळं, आणि कड इतकी पातळ की लोण्याची सावली पलीकडे जाते की काय असं वाटावं. असली भांडी त्या वेळी युरोपात कोणालाच करता येत नव्हती. केओलिन नावाची पांढरी माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड मिसळून साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजली की ती दोन्ही मिळून काचेसारखं कठीण, पाणी न शोषणारं, टणत्कार देणारं भांडं होतं. चीनच्या ज्यांगशी प्रांतातल्या चिंगदचन गावात ही विद्या शतकानुशतकं मुरलेली होती. युरोपात तिचा उलगडा जर्मनीतल्या माइसेनजवळ झाला तो थेट १७०८ ते १७१० या काळात, म्हणजे क्लारा पेटर्सच्या चित्रानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. तोवर डेल्फ्टचे कुंभार साध्या मातीच्या भांड्यांना कथलाचा पांढरा लेप देऊन वरून निळी नक्षी काढत होते. लांबून फसवणूक चाले, पण कड फुटली की आतली माती दिसे.

या चित्रांत जी भांडी वारंवार दिसतात ती बहुतेक मिंग घराण्याच्या वानली सम्राटाच्या काळातली, म्हणजे १५७३ ते १६२० च्या दरम्यानची. कडेला एकाआड एक खण पाडलेले, खणांत कधी सूर्यफुलासारखं फूल, कधी गाठी आणि झालरी, मध्ये बदकं, खडक किंवा टोळ. निर्यातीसाठी घाईने केलेला हा माल होता. कडेवरचा लेप जागोजागी टवका उडाल्यासारखा निघालेला असतो. चीनमधल्या रसिकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. ॲम्स्टरडॅममध्ये त्याला चांदीच्या बरोबरीने मांडत. दर्जा ठरवतं ते अंतर, हे बाजाराचं जुनं गणित आहे.

या प्रकारच्या भांड्यांना डच लोक 'क्राक' म्हणत. पोर्तुगीजांच्या अवाढव्य मालवाहू जहाजांवरून ते नाव पडलं असं बहुतेक जाणकार मानतात. यातून आपण गोव्याला येतो. यान लिन्स्खोटन नावाचा तरुण डचमन १५८३ पासून पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. तिथे त्याने मसाल्यांचे भाव, चीनची भांडी, आंबे, जहाजांचे मार्ग असं दिसेल ते टिपलं. मायदेशी जाऊन त्याने १५९६ साली ते ॲम्स्टरडॅममध्ये पुस्तकरूपाने छापलं. पोर्तुगीजांनी शंभर वर्षं जपलेली वाट अशी चव्हाट्यावर आली. डच जहाजांची रीघ लागली आणि प्रथम त्यांनी जी चिनी भांडी मिळवली ती विकत घेतली नाहीत, लुटली. गोव्याहून लिस्बनला निघालेलं 'साओ तियागो' हे पोर्तुगीज जहाज १६०२ साली सेंट हेलेना बेटाजवळ डचांनी धरलं आणि त्यातला माल मिडलबर्गला विकला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६०३ मध्ये, याकोब फान हेम्सकेर्कने सिंगापूरच्या समुद्रात 'सांता कातारीना' पकडलं. मकावहून मलाक्काला चाललेल्या या जहाजात सुमारे एक लाख चिनी भांडी होती असा अंदाज केला जातो. १६०४ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला, तेव्हा फ्रान्सचा राजा चौथा हेन्री आणि इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यांच्यासाठीही खरेदी झाली. लुटीचं समर्थन करायला ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला कामाला लावलं. समुद्र सर्वांना मोकळा आहे, असं सांगणारं त्याचं लिखाण १६०९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात ते पहिल्या पानावर जाऊन बसलं. एका चोरीच्या मालाच्या वकिलीतून निघालेला हा सिद्धांत आजही विद्यापीठांत शिकवतात.

पुढे व्यापार रीतसर झाला. तैवानमधल्या झीलँडिया किल्ल्यात डच १६२४ ते १६६२ होते. तिथे चिनी व्यापारी माल घेऊन येत. १६३५ मध्ये कंपनीने लाकडी नमुने करून पाठवले: आम्हाला असा चंबू हवा, अशी ताटली हवी, अशी मिठाची वाटी हवी. सतराव्या शतकाच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत कंपनीने युरोपात नेलेल्या भांड्यांची संख्या तीस लाखांहून जास्त भरते. आशियातल्या बाजारांत तिने विकलेली भांडी वेगळीच. भारतातही ती येत. हा माल पाण्याने बिघडत नाही, म्हणून तो जहाजाच्या तळाशी भरत आणि वर मिरी, मसाले, रेशीम ठेवत. १६१३ साली सेंट हेलेनाजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत 'विटे लेउव्ह' हे डच जहाज बुडालं. १९७६ मध्ये पाणबुड्यांनी तिथला गाळ उपसला तेव्हा मिरीचे दाणे आणि चिनी भांड्यांचे तुकडे एकत्रच वर आले. क्लासच्या टेबलावरची जोडी समुद्राच्या तळाशी साडेतीनशे वर्षं तशीच नांदत होती.

आता पैशाचं. डचांकडे आशियाला विकण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. लोकर इकडे कोण घालणार? चांदी होती, पण ती अमेरिकेतून स्पेनमार्गे यायची, महाग पडायची, आणि कितीही आणली तरी पुरायची नाही. मोलुक्का आणि बांदा या लवंग-जायफळाच्या बेटांवरच्या लोकांना चांदीपेक्षा कापड हवं होतं, आणि तेही एका विशिष्ट किनाऱ्याचं. चोळमंडळाच्या किनाऱ्यावरचं सुती कापड ते पिढ्यान् पिढ्या वापरत आले होते. ते अंगावर नेसत, लग्नात देत, पेटीत जपून ठेवत. हेंड्रिक ब्राउवर या कंपनीच्या अधिकाऱ्याने १६१२ मध्येच वरिष्ठांना कळवलं होतं की चोळमंडळ हा मोलुक्का बेटांचा डावा हात आहे आणि तिथलं कापड नसेल तर बेटांवरचा व्यापार मेलाच म्हणायचा. म्हणजे साखळी अशी: युरोपातून चांदी आणायची, तिचं तामिळ-तेलुगू किनाऱ्यावर कापड घ्यायचं, कापड देऊन बेटांवर मसाले घ्यायचे, मसाले विकून पुन्हा चांदी. कापडाच्या आणि मसाल्यांच्या नफ्याची एक वाट चिनी मालाकडेही वळे. टेबलावरचं जायफळ कापडाने आणलेलं आहे. मिरीचा बराच भाग कापडाने आणलेला आहे. चिनी ताटलीच्या किमतीतही कापडाचे काही धागे आहेत.

हे कापड जिथून जहाजावर चढे त्या बंदराचं नाव पुलिकत. तामिळमध्ये पळवेर्काडू. चेन्नईजवळच्या आवडीत संरक्षण खात्याच्या नोकरीनिमित्त जी मराठी कुटुंबं राहून गेली किंवा राहत आहेत, त्यांना आवडी म्हटलं की अवजड वाहनांचा कारखाना, रणगाडे आणि फार तर १९५५ चं काँग्रेस अधिवेशन आठवेल. पण तिरुवळ्ळूर जिल्ह्याच्या या दक्षिण भागातून पोन्नेरीच्या दिशेने साधारण पन्नास किलोमीटर गेलं की त्याच जिल्ह्याच्या समुद्राकडच्या टोकाला पुलिकत लागतं. विस्तीर्ण खारं सरोवर, मासेमारीच्या होड्या, हिवाळ्यात रोहित पक्षी. एके काळी डच कंपनीच्या संपूर्ण चोळमंडळ कारभाराचं हे मुख्य ठाणं होतं, हे गावात उतरल्यावर पटकन पटत नाही.

विजयनगरच्या उतरत्या काळातला राजा दुसरा वेंकट तेव्हा या मुलखावर राज्य करत होता. त्याच्या परवानगीने १६१० मध्ये डचांनी पुलिकतला वखार घातली. मैलापूरजवळच्या साओ तोमेच्या पोर्तुगीजांना हे रुचलं नाही. १६१२ मध्ये त्यांनी हल्ला करून वखार मोडली. मग १६१३ मध्ये किल्ला उभा राहिला. वेमर फान बेर्खम या मुख्य अधिकाऱ्याने आपल्या गेल्डरलँड प्रांतावरून त्याला 'खेल्ड्रिया' नाव दिलं. आत दारूगोळ्याची गिरणी होती आणि पुढे टाकसाळही चालली. बाहेर विणकर, रंगारी, धोबी आणि दलाल यांची वस्ती होती. मलय आणि त्याचा भाऊ चिन्नण्णा हे चेट्टी व्यापारी इतके बलाढ्य होते की डचांनाही त्यांच्या मर्जीने घ्यावं लागे. कंपनी व्यापाऱ्याला आगाऊ रक्कम देई, व्यापारी ती गावोगावच्या विणकरांत वाटे आणि महिन्यांनंतर गाठोडी किनाऱ्यावर येत. चायच्या मुळीचा लाल रंग, तुरटीने पक्का केलेला. काठ किती बोटांचा, चौकडी किती मोठी, टोकाला फुली कशी, हे सगळं गिऱ्हाईक बेटावरून ठरवे. नमुना जरा चुकला की मोलुक्कांपैकी अंबोन बेटाच्या बाजारात माल पडून राहायचा आणि कंपनीचे लोक पुलिकतला रागाची पत्रं लिहायचे. हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या बायकांच्या आवडीनिवडी पुलिकतच्या विणकराला पाठ होत्या. हे कसब मला विलेम काल्फ या डच चित्रकाराच्या कुंचल्याइतकंच अचंब्याचं वाटतं, फक्त त्यावर कोणाची सही नाही.

पुलिकतमध्ये आज किल्ल्याचं म्हणावं असं फार थोडं उरलं आहे. खंदकाची जागा आणि वाढलेली झुडपं. पाहण्यासारखी आहे ती डच दफनभूमी. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली ती आहे. तिच्या प्रवेशद्वाराशी दगडात कोरलेले दोन हाडांचे सापळे उभे आहेत. त्यांच्यापैकी एकापाशी वाळूचं घड्याळ आहे. सापळा, कवटी, वाळूचं घड्याळ, विझती मेणबत्ती ही हॉलंडच्या एका खास प्रकारच्या स्थिरचित्रांतली ठरलेली सामग्री. ऐश्वर्य क्षणाचं आहे, हे सांगण्यासाठी चित्रकार ती फळांच्या आणि चांदीच्या शेजारी मांडत. हार्लेमच्या दिवाणखान्यात हा उपदेश चित्रातून ऐकायचा असे. पुलिकतमध्ये त्याची गरज नव्हती. ताप, हगवण आणि समुद्र यांनी तरुण माणसं पटापट नेली आणि आत कोरीव शिळांखाली ती ओळीने निजलेली आहेत. मला विचाराल तर डच स्थिरचित्रांची भारतातली खरी शाखा हीच. रंगातली नव्हे, दगडातली.

या किनाऱ्याने आणखी एक माल पुरवला आणि त्याचं नाव घेताना चित्रांचं कौतुक जरा अडखळतं. दुष्काळ पडला, लढाया झाल्या की उपासमारीला आलेली माणसं विकली जात. डच कंपनीने सतराव्या शतकात चोळमंडळावरून हजारोंच्या संख्येने गुलाम बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, आणि इतर ठाण्यांवर नेले. पुलिकत हे त्यांच्या निर्यातीच्या प्रमुख बंदरांपैकी एक होतं. जायफळाच्या बांदा बेटांवर तर १६२१ मध्ये यान पीटर्सझोन कून याने मूळ रहिवाशांपैकी बहुतेकांना मारलं, पकडून नेलं किंवा पळवून लावलं आणि बागा गुलामांकडून कसून घेतल्या. तेव्हापासून जगातलं जायफळ एका कंपनीच्या मुठीत गेलं. चित्रातल्या ताटलीत ते जायफळ निर्धास्त पडलेलं असतं. युरियान फान स्ट्रेक याच्यासारख्या चित्रकाराने चिनी भांड्यांच्या आणि फळांच्या शेजारी काळा नोकर उभा केला आहे. तो तिथे माणूस म्हणून नाही, भांड्यांसारखीच मिरवायची वस्तू म्हणून आहे.

इथे मराठी इतिहास थेट येऊन मिळतो. दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत शिवाजी महाराज १६७७ मध्ये जिंजी आणि आसपासच्या मुलखात होते. कडलूरजवळच्या देवनामपट्टणमला डचांची वखार होती आणि तिचा कारभार पुलिकतच्या हाताखाली चाले. डच वकील भेटायला आले, व्यापाराच्या सवलती मागितल्या आणि ऑगस्ट १६७७ मध्ये महाराजांनी त्यांना कौल दिला. त्यात सवलती आहेत, जकातीच्या तपशिलाची कलमं आहेत आणि एक कलम वेगळंच आहे. पूर्वीच्या अमलात तुम्ही इथे स्त्री-पुरुष गुलाम म्हणून विकत घेऊन नेत होता. माझ्या मुलखात ते चालणार नाही, कोणी प्रयत्न केला तर माझे लोक अडवतील, अशा आशयाचं. हा कौल डचांच्या दप्तरामुळे टिकला. किनाऱ्यावरचा गुलामांचा व्यापार त्यामुळे कायमचा थांबला असं नाही. राज्य जिथवर तिथवरच हुकूम. पण व्यापारी कंपनीशी भाव ठरवताना माणूस हा माल नव्हे असं लेखी बजावणारा राज्यकर्ता त्या शतकात त्या किनाऱ्यावर दुसरा दाखवता येणं कठीण आहे.

महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तेव्हा तंजावरच्या गादीवर नुकतेच स्थिर झाले होते. नागपट्टणम डचांनी पोर्तुगीजांकडून १६५८ मध्येच घेतलं होतं, पण ते तंजावरच्या मुलखात, म्हणून नव्या राजाशी १६७६ मध्ये नवा करार झाला आणि तो चांदीच्या पत्र्यावर कोरला गेला. १६९० मध्ये डचांनी आपलं चोळमंडळाचं मुख्यालय पुलिकतहून नागपट्टणमला हलवलं. म्हणजे त्यानंतर चोळमंडळावरच्या डच कापडखरेदीचा कारभार तंजावरच्या भोसल्यांच्या शेजारातून चालू लागला.

आता विलेम काल्फकडे वळायला हरकत नाही. वळायचंच, कारण या सगळ्या हिशेबानंतरही त्याचं चित्र समोर आलं की माणूस गप्प होतो. काल्फ १६१९ चा, रॉटरडॅमचा. उमेदीची काही वर्षं पॅरिसमध्ये काढून तो पुढे ॲम्स्टरडॅमला आला. चित्रांचा व्यापारही करायचा. क्लारा पेटर्स आणि क्लास यांच्या टेबलावर गर्दी असते. यान द हेमचं १६४० चं लूव्र संग्रहालयातलं मेजवानीचं चित्र तर दोन मीटर रुंद आहे आणि फळांच्या ओझ्याने टेबल कलंडेल की काय असं वाटतं. पुढे फ्रेंच चित्रकार मातीसने दोनदा त्याची आपल्या परीने आवृत्ती काढली. काल्फ मात्र वस्तू काढून घेत जातो. माद्रिदच्या थिसेन संग्रहालयातल्या १६६२ च्या चित्रात मागे जवळजवळ काळोख, संगमरवरी टेबलाच्या कडेला ढकलून दिल्यासारखा इराणी गालिचा, शिंपल्याचा पेला, लिंबू, काचेचे प्याले आणि एक झाकणाची चिनी साखरदाणी. तिच्या अंगावर ताओ पंथातले आठ अमर सिद्ध उठावात केलेले आहेत. काल्फला ते कोण हे ठाऊक असण्याची शक्यता फार कमी. त्याने ती माणसं इतक्या मायेने रंगवली आहेत की ती साखरदाणीच्या काठावरून उठून चालू लागतील.

चिनी भांडं रंगवणं म्हणजे पांढरा रंग लावणं नव्हे. काल्फचा पांढरा खरं तर राखाडी आहे. त्यात डावीकडून येणारा खिडकीचा निळसर उजेड आहे, उजवीकडून लिंबाचा पिवळा पडसाद आणि खालून गालिच्याचा लालसर. शुद्ध पांढरा ठिपका एखादाच, खिडकीच्या प्रतिबिंबाचा. तोच ठिपका भांडं चकचकीत आहे हे सांगतो. गंमत निळ्याची आहे. भांड्यावरची निळी नक्षी कोबाल्टची. चित्रकार महाग निळा परवडला तर अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा वापरत, नाहीतर स्माल्ट नावाची स्वस्त निळी पूड, आणि स्माल्ट म्हणजे कोबाल्टने रंगवलेली काच दळून केलेली पूड. चीनच्या भट्टीत आणि डच कुंचल्यात एकच धातू होता. फरक एवढाच की चिनी लेपाखालचा कोबाल्ट चारशे वर्षांनीही तसाच निळा आहे आणि तेलातला स्माल्ट बऱ्याच चित्रांत उडून करडा झाला आहे. गटेने १७९७ मध्ये काल्फचं एक चित्र पाहून लिहिलं की त्यातली सोन्याची भांडी आणि हे चित्र यांत निवड करायची झाली तर आपण चित्रच घेऊ. व्यापाऱ्यांनी बहुधा दोन्ही घेतलं असतं.

१६४४ मध्ये मिंग घराणं कोसळलं, चिंगदचनच्या भट्ट्या युद्धात विस्कटल्या आणि नवा माल आटला. कंपनी जपानच्या आरिता गावाकडे वळली. काल्फने १६६९ मध्ये आल्याची चिनी बरणी रंगवली तेव्हा असली जुनी मिंग भांडी मिळणं दुर्मिळ होत चाललं होतं. त्याच्या चित्रांतला तो हळुवारपणा काही अंशी त्यामुळे असावा असा माझा तर्क आहे.

तर, या टेबलांवर चोळमंडळाचं कापड कुठे आहे? मी शोधत राहतो आणि सापडत नाही. खाली अंथरलेलं असतं ते हार्लेमचं पांढरं तागाचं दमास्क, किंवा तुर्की-इराणी गालिचा. यात कपट नाही, कारण साधं आहे. त्या दशकांत पुलिकतचं बहुतेक कापड हॉलंडला जातच नव्हतं. ते अंबोनला, बांदाला, जावाला जायचं आणि तिथे अंगावर झिजून संपायचं. छापील आणि कलमकारी कापडांची लाट युरोपात आली ती शतक संपता संपता, आणि तोवर या चित्रांचा बहर ओसरत चालला होता. ज्या वस्तूने सगळ्यांचं देणं चुकवलं ती त्या मेजवानीला कधी पोचलीच नाही. या चित्रांवरच्या पुस्तकांत चांदी, चीन आणि मसाले यांच्यावर पानंच्या पानं असतात आणि कापड तळटीपेत असतं. हा क्रम उलटा करायला हवा, असं मला वाटतं.

डचांनी पुलिकत १८२५ मध्ये इंग्रजांच्या हवाली केलं. हे सगळं डोळ्यांनी पाहायचं तर माद्रिदला जायलाच हवं असं नाही. आवडीत पाहुणे म्हणून गेलात तर एक सकाळ काढून पोन्नेरीमार्गे पळवेर्काडूला जा आणि दफनभूमीच्या दारातला वाळूचं घड्याळ घेतलेला सापळा पाहा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आणि युरोपीय तैलचित्रं एकाच इमारतीत आहेत. पण तिथून निघण्याआधी जुन्या सुती कापडांच्या कपाटापुढेही तितकाच वेळ उभे राहा.